सांगलीहून कॉफीच्या सुगीला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बेदाण्याच्या दिवसांत शेडवर पाहुणे आले की आई चहा ठेवते, बसा म्हणते, पण तिची नजर आभाळावर असते. ढग आले तर ताडपत्र्या ओढायला माणसं हलवायची असतात. पाहुणा मात्र दोन रॅकच्या मधोमध उभा राहून फोटो काढत असतो. चिकमगळूरला पहिल्यांदा कॉफीची तोडणी बघायला गेलो, तेव्हा तो पाहुणा मी होतो. सहा जणांची गाडी घेऊन सकाळी अकराला बागेत पोचलो, लाल फळांचे फोटो काढले, मालकानं दिलेली कॉफी प्यालो आणि दीड तासात बाहेर पडलो. घरी आल्यावर धाकट्या भाचीनं विचारलं, "मामा, त्या लाल फळाची काळी पूड कशी होते?" मला धड सांगता आलं नाही.

दुसऱ्या खेपेला दोन रात्री राहिलो आणि मग कुठं काही कळलं. कॉफी कशी होते, आणि शाश्वत म्हणवणारी बाग खरंच तशी आहे का, हे ज्यांना पहिल्याच खेपेत कळून घ्यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कधी जायचं

कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका उंचावर, साधारण १,००० ते १,५०० मीटरवर लावतात. तिची तोडणी नोव्हेंबरात सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. रोबस्टा खालच्या अंगाला असते आणि उशिरा पिकते, तिचा हंगाम जानेवारी ते मार्च धरा. एकाच खेपेत दोन्ही बघायच्या असतील तर जानेवारीचा पहिला पंधरवडा बरा. अरेबिकाची शेवटची तोडणी चाललेली असते आणि रोबस्टाला हात लागलेला असतो.

द्राक्षवाल्यांची इथं अडचण होते. जानेवारीनंतर आपलाच माल उतरायला लागतो, मग बाग सोडून कोण जाणार? त्यांनी डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा गाठावा. नाताळ ते नवीन वर्ष हे दिवस मात्र कुणीच धरू नयेत. त्या आठवड्यात अर्धं बंगळूर त्या डोंगरांत असतं. बागेत कॉफीपेक्षा गाड्या जास्त दिसतात आणि मालकालाही बोलायला सवड नसते.

आणखी एक तारीख बघून घ्या. चिकमगळूरजवळच्या बाबाबुडनगिरीवर गुरु दत्तात्रेय बाबाबुडन स्वामी दर्गा हे स्थान आहे. औदुंबर-नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या आपल्या लोकांना तिथं जावंसं वाटणं साहजिक आहे. पण दत्तजयंतीच्या आसपास त्या डोंगरावर कडक बंदोबस्त असतो आणि पर्यटकांची वाट अडवलेली असते. मार्गशीर्ष पौर्णिमेचा तो आठवडा टाळून बेत करा.

याच डोंगरांत भारतातल्या कॉफीची सुरुवात झाली असं सांगतात. सतराव्या शतकात बाबा बुडन हे सूफी संत हजहून परतताना येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले, अशी कथा आहे. खरं-खोटं करत बसण्यात अर्थ नाही. तिथला कुठलाही बागायतदार पहिल्या दहा मिनिटांत ती तुम्हाला ऐकवेलच.

वाट

गाडीनं गेलात तर कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे असा हमरस्ता आणि तिथून महामार्ग सोडून बिरूर-कडूरच्या बाजूनं चिकमगळूर. पाचशे किलोमीटरच्या थोडं वर होतं. पहाटे निघालात तर संध्याकाळी पोचता, पण शेवटचा घाटरस्ता अंधारात नको. रेल्वेनं जायचं तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहेच. ती मिरजेवरून बंगळूरला जाताना बिरूर-कडूरला अडनिड्या वेळी, मध्यरात्र उलटल्यावर सोडते. वेळापत्रक बघा आणि स्टेशनवर गाडी यायचं आधी ठरवून ठेवा. कडूरहून चिकमगळूर चाळीसेक किलोमीटर आहे.

मुडिगेरे, सकलेशपूर, बाळेहोन्नूर, कोप्पा या सगळ्या भागांत बागा आहेत. कोडगू म्हणजे कूर्गही आहे, पण सांगलीहून ते आणखी लांब पडतं. पहिल्या खेपेला चिकमगळूर पुरे. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, त्यामुळे बागा शोधाव्या लागत नाहीत. कुठल्या बागेत उतरायचं एवढंच ठरवायचं.

आधी फोन

बुकिंगच्या संकेतस्थळावरचे फोटो बघून ठरवू नका, सरळ फोन करा. चार गोष्टी विचारा. मी ज्या दिवशी येतोय त्या दिवशी तोडणी चालू असेल का? तुम्ही पल्पिंग, म्हणजे फळाची साल-गर काढणं, स्वतः करता, की फळ तसंच विकता? ते यंत्र, म्हणजे पल्पर, रात्री चालतं तेव्हा बघायला मिळेल का? आणि बाग कोण दाखवणार, मालक, मेस्त्री म्हणजे मजुरांचा मुकादम, की होमस्टेचा मुलगा?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पुष्कळ ठिकाणी होमस्टे असतो, भोवती चार झाडंही असतात, पण माल तोडून थेट व्यापाऱ्याला जातो. तिथं तुम्हाला फक्त झाडं दिसतील. ज्यांच्या घरी पल्पर आहे आणि वाळवणाचं खळं आहे, तिथंच राहा. तेही दोन रात्री. एका दिवसात उरकणाऱ्याला कॉफीची तोडणी दिसते, कॉफी होताना दिसत नाही. खरं काम सूर्य मावळल्यावर सुरू होतं.

भाषेचं अडत नाही. इस्टेटीवरच्या बहुतेकांना हिंदी कळतं, मालकांना इंग्रजी येतं. तरी जतकडचं कन्नड बोलणारं कुणी बरोबर असलं तर बहार येते. मलनाडची, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागाची, बोली वेगळी पडते, पण "ऊटा आय्ता?" म्हणजे "जेवण झालं का?" एवढं विचारलं तरी समोरच्याचा चेहरा बदलतो.

पिशवीत काय

पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, पकड असलेले बूट, टोपी, आणि सकाळसाठी स्वेटर. डिसेंबरात तिथली पहाट आपल्या पाचगणीसारखी बोचते. पावसाळ्यातल्या जळवा तोवर बहुतेक गेलेल्या असतात, पण नोव्हेंबरात पाऊस लांबला तर मोजे पँटवर चढवा. खरा त्रास तांबड्या मुंग्यांचा. पानं जोडून घरटी करतात आणि खांदा लागला की तुटून पडतात. अत्तर, डिओ काही लावू नका, वासाचं कारण पुढं येईलच.

आणि एक किलो बेदाणा न्या. मी नेला होता. मालकानं दोन दाणे तोंडात टाकले आणि विचारलं, "रॅकवर किती दिवस?" मग उन्हात की सावलीत, पाऊस आला तर काय करता, असं तासभर चाललं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि चिकमगळूर अरेबिकाला २०१९ साली, हेही त्या बोलण्यात निघालं. पाहुण्याचा शेतकरी झाला की दारं आपोआप उघडतात.

बागेत

पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, चहाच्या मळ्यासारखं उघड्या डोंगरावर पीक असेल. तसं नसतं. भारतातली कॉफी सावलीत वाढते. वर फणस, शिसव, वड-उंबराच्या जातीची मोठी झाडं, त्यांच्या खाली पांगारा, त्याच्या खाली माणसाच्या उंचीची कॉफी. मोठ्या झाडांच्या बुंध्यावर मिरीचे वेल चढवलेले. मध्ये कुठं संत्रं, कुठं वेलदोडा. सावली कमी-जास्त करायला दरवर्षी पांगाऱ्याच्या फांद्या छाटतात. आपल्याकडं एप्रिल आणि ऑक्टोबर छाटणीवर द्राक्षाचं वर्ष उभं असतं, तिथं हिशेब असतो सावलीच्या छाटणीचा आणि मार्च-एप्रिलमधल्या वळवाचा. वळवाची एक सर नेमकी पडली की आठ-दहा दिवसांत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरते, मोगऱ्यासारखा वास सुटतो. तेव्हापासून अरेबिकाचं फळ तोडायला यायला आठ-नऊ महिने लागतात, रोबस्टाला त्याहून जास्त.

एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर, लाल अशी सगळी फळं असतात. त्यामुळे एका फेरीत तोडणी होत नाही. आधी जी थोडी पिकली असतील तेवढीच वेचतात, मग मुख्य तोडणी, शेवटी उरलंसुरलं ओरबाडून काढतात आणि खाली पडलेली फळंही गोळा करतात. ते शेवटचं काम नुसतं काटकसरीचं नाही. पडलेल्या फळांत भुंगेऱ्याची कीड राहते आणि पुढच्या वर्षी बागेवर उठते.

इथं बघ्यांनी पाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. तोडणाऱ्या बाईच्या ओळीत शिरू नका, ती किलोवर काम करत असेल तर तुम्ही तिची मजुरी अडवताय. फोटो विचारून काढा. उतारावरनं फांदी धरून उतरू नका, फांदी मोडते आणि पुढच्या वर्षीचं फळ त्याच लाकडावर येणार असतं. तोडून बघायचं असेल तर मेस्त्रीला विचारा, तो बहुधा टोपलीच कमरेला बांधून देतो. मी अर्ध्या तासात जेमतेम दीड किलो तोडलं, त्यातली मूठभर हिरवी निघाली म्हणून मेस्त्रीनं सगळ्यांसमोर वेगळी काढून दाखवली.

एक लाल फळ मागून घ्या आणि चावा. साल जाड, गर नावापुरता, पण चिकट आणि गोड. आत दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या. कधी एकच गोल बी निघते, तिला पीबेरी म्हणतात आणि ती वेगळी विकतात.

सूर्य कलला की एकट्यानं बागेत भटकू नका. मुडिगेरे, सकलेशपूर भागांत हत्ती बागांतनं फिरतात, गवेही असतात. मालकानं "आता नको" म्हटलं तर ते उगाच म्हटलेलं नसतं.

संध्याकाळचं काम

चारच्या सुमाराला पोती डोक्यावर घेऊन माणसं काट्याकडं यायला लागतात. एकेकाचं पोतं काट्यावर चढतं, रायटर म्हणजे इस्टेटीचा कारकून वहीत आकडा लिहितो. इथं एका बाजूला बसा आणि नुसतं ऐका. ऊस काट्यावर असतो तेव्हाचीच कुजबूज, तेच "आज कमी भरलं", तेच थट्टेचे दोन शब्द.

मग माल पल्परकडं जातो, त्याच रात्री. थांबवता येत नाही, कारण तोडलेलं फळ ढिगात तापतं, आंबतं, आणि तो आंबूस वास कपापर्यंत पोचतो. आधी फळं पाण्यात टाकतात. पोकळ, किडकी वर तरंगतात, ती बाजूला. बुडालेली पल्परमध्ये. यंत्र साल आणि गर ओरबाडून एका तोंडानं बाहेर टाकतं, बिया दुसऱ्या तोंडानं. बियांवर अजून बुळबुळीत थर असतो. तो काढायला त्या हौदात आंबवतात, अरेबिका साधारण २४ ते ३६ तास. झालं की नाही हे बघायला मालकानं हौदात हात घालून मूठ आवळली. बिया खरखरीत लागल्या, आवाज आला, म्हणजे धुवायला तयार. घड्याळ बघितलंच नाही त्यानं. हळद शिजली की नाही हे काडी टोचून सांगणारे आमचे म्हातारे आठवले.

हा हौदाचा वास एकदा नाकात भरून घ्या. गोडसर, ताकासारखा. म्हणून तर अत्तर नको म्हटलं.

धुतलेल्या बीला वरून पिवळट टरफल असतं, तिला पार्चमेंट म्हणतात. सगळी कॉफी या वाटेनं जात नाही. पुष्कळशी, विशेषतः रोबस्टा, सालीसकट वाळवतात, तिला बाजारात चेरी म्हणतात. धुतलेलीला पाणी आणि मेहनत जास्त लागते, पण अरेबिकाला भाव चांगला मिळतो.

खळ्यावर

सकाळी लवकर उठून खळ्यावर जा. कन्नडमध्ये कण म्हणतात. सिमेंटचं मोठं अंगण, त्यावर बियांचा पातळ थर, आणि लाकडी फावडं घेऊन फिरणारी माणसं. दर थोड्या वेळानं थर हलवायचा, संध्याकाळी गोळा करून झाकायचा. पार्चमेंटला आठवडा-दहा दिवस, चेरीला त्याहून जास्त. ओल दहा-अकरा टक्क्यांवर आली की पोत्यात. जास्त ओल राहिली तर बुरशी, फार सुकली तर वजन आणि चव दोन्ही गेली. अवेळी पाऊस आला की तिथंही ताडपत्र्यांची तशीच धावपळ होते. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, कॉफीत एक किलो तयार बीला पाच-सहा किलो फळ जातं.

खळ्यावर चपला घालून जाऊ नका, बियांवर तर नाहीच. लहान मुलं बरोबर असतील तर हात धरा. त्यांना ती पसरलेली बी वाळूसारखी वाटते.

पुढचं काम, म्हणजे टरफल काढणं आणि प्रतवारी, बहुतेक वेळा शहरातल्या क्युरिंग वर्क्समध्ये होतं. तिथं सहज आत सोडत नाहीत. वेळ असेल तर कॉफी बोर्डाचं चिकमगळूरमधलं संग्रहालय बघा. बाळेहोन्नूरला १९२५ पासून चालू असलेलं संशोधन केंद्र आहे. आज बागांत दिसणाऱ्या बऱ्याच वाणांची मुळं तिथं सापडतात.

शाश्वत म्हणजे नेमकं काय बघायचं

आता मूळ मुद्दा. जिकडंतिकडं "निसर्गस्नेही", "ऑरगॅनिक", "शाश्वत" अशा पाट्या आहेत. पाटी वाचू नका, आधी मान वर करा आणि मग खाली ओढ्याकडं बघा.

वर बघितलं आणि नुसती सरळसोट सिल्व्हर ओकची झाडं दिसली, तर तिथं सावली आहे पण जंगल नाही. सिल्व्हर ओक मूळचं ऑस्ट्रेलियाचं. भराभर वाढतं, मिरीला सरळ खांब मिळतो, आणि देशी झाडापेक्षा तोडून विकायला सोपं, म्हणून शेतकरी ते लावतो. त्यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही, हिशेब त्यालाही आहेत. पण फणस, उंबर, शिसव राखलेल्या बागेत पक्ष्यांचा आवाजच वेगळा असतो, दहा मिनिटं गप्प उभं राहिलं की कळतं. सावलीचा फायदा झाडालाही आहे. अरेबिकाचं खोड पोखरणारा पांढरा भुंगेरा उघड्या, तापलेल्या बागेत जास्त माजतो.

मग पाणी. पल्पिंगचं पाणी कुठं जातं, हे थेट विचारा. ते पाणी आंबट असतं, त्यात गर आणि साखर असते. तसंच ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. चांगल्या बागेत ते पाणी खड्ड्यांत किंवा टाक्यांत साठवतात, चुना टाकून आंबटपणा मारतात, मुरू देतात. काही जणांनी कमी पाण्यावर चालणारे पल्पर घेतलेत. मालक उत्साहानं ते खड्डे दाखवायला घेऊन गेला तर समजा बरंच काही नीट आहे. विषय बदलला तरी समजून घ्या.

सालीचं काय करतात, तेही बघा. ढीग शेण-पालापाचोळ्याबरोबर कुजवून बागेत परत जात असेल तर उत्तम. तण कापलेलं आहे की फवारून पिवळं जाळलेलं, हे आपल्याकडच्या माणसाला लांबूनच ओळखू येतं.

आणि माणसं. हे बहुतेक पर्यटक विचारतच नाहीत. तोडणीला आता बाहेरून टोळ्या येतात, उत्तर कर्नाटकातून, आसामातूनही. ती राहतात लाइनघरांत, म्हणजे मजुरांसाठी ओळीनं बांधलेल्या खोल्यांत. तिथं संडास आहे का, प्यायचं पाणी आहे का, मुलं दिवसभर कुठं असतात, वजनाचा आकडा तोडणाऱ्याला दिसतो का? थेट चौकशी केली तर मालक बिथरेल, म्हणून बोलता बोलता विचारा. आपल्या फडावरच्या ऊसतोड टोळ्यांची पालं डोळ्यांपुढं आणा. झाडं राखून माणसं वाऱ्यावर सोडणाऱ्या बागेला मी शाश्वत म्हणत नाही, वर कितीही पक्षी असोत.

प्रमाणपत्राबद्दल एवढंच. रेनफॉरेस्ट अलायन्स या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा हिरव्या बेडकाचा शिक्का किंवा सेंद्रियचा शिक्का असला तर चांगलंच. पण बहुतेक बागायतदार दहा हेक्टरच्या आतले आहेत, त्या कागदांचा खर्च सगळ्यांना पेलत नाही. शिक्का नाही म्हणून बाग वाईट, असं धरू नका.

परतताना

मालकाकडूनच घ्या, पण दोन गोष्टी बघून. भाजल्याची तारीख, आणि चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, आहे का. चिकोरी मिसळलेल्या पाकिटावर कॉफी किती टक्के हे छापावं लागतं, आणि ती किमान ५१ टक्के असावी लागते. आपल्याला फिल्टर कॉफीची सवय नसेल तर थोडी चिकोरीवाली दुधात बरी लागते, पण तुम्ही ज्या बागेत दोन रात्री काढल्या तिची चव घ्यायची तर शुद्ध घ्या. पाव किलोच न्या. महिनाभरात संपेल एवढीच, कारण दळलेली कॉफी डब्यातही वास सोडते.

कच्ची बी स्वस्त मिळते म्हणून दोन किलो आणून लोखंडी कढईत भाजण्याचा उद्योग मी केलाय. अर्धी करपली, अर्धी कच्ची राहिली, आणि धुरानं शेजारच्या काकू विचारायला आल्या. तेवढा मोह टाळा.

स्टीलचा फिल्टर चिकमगळूरच्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. वरच्या डब्यात तीन चमचे पूड, हलकी दाबलेली, उकळी येऊन क्षणभर थांबलेलं पाणी, आणि वीस मिनिटं हात न लावता थांबायचं. खाली जमलेला काळा अर्क गरम दुधात. साखर आधी घालू नका, पहिला घोट तसाच घ्या.